अस्तर

माझ्या तोंडाचा वरचा डावा भाग रात्री निळ्या झाकणाच्या डबीत, पाण्यात असतो. डबीवर बायकोनं मार्करनं 'प्लेट' असं लिहून ठेवलंय, कारण एकदा पोरीनं ओल्या खोबऱ्याची डबी समजून ती उघडली होती. तळहातावर मावेल एवढा गुलाबी तुकडा. खालून टाळू, कडेला नकली दात आणि वर एक गोळा. गोळा आतून पोकळ ठेवतात. भरीव केला तर स्वतःच्याच वजनानं सुटून जिभेवर येईल. उजवीकडे माझे खरे दात आहेत, त्यांना तारेचे आकडे अडकवून ही प्लेट टांगलेली राहते. डेंटलचे डॉक्टर तिला ऑब्च्युरेटर म्हणतात. रांगेत बसणारे आम्ही सगळे प्लेटच म्हणतो.

हे लिहायला बसलो त्याला एक फोन कारण झाला. गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, राग मानू नका, पण तुम्ही त्या पानठेलेवाल्यासोबत गावभर फिरत असता म्हणे. घरी सगळं ठीक आहे ना?" त्याला फोनवर नीट सांगता आलं नाही. सांगायला बसलो तर एवढं झालं.

आजाराचं लवकर उरकतो. एप्रिल २०२१, कोरोनात नागपुरात खाट मिळत नव्हती ते दिवस. मला शुगर आधीपासूनच. ऑक्सिजन लागला, स्टेरॉइड दिलं, बारा दिवसांनी घरी आलो. पोरीनं दारात रांगोळी काढली होती. चौथ्या दिवशी डावा गाल बधिर झाला. वाटलं दाढ असेल. मग दाढ खरंच हलायला लागली, नाकातून काळपट पाणी आलं, आणि एका सकाळी डावी पापणी उचलेना. सगळे काळी बुरशी, काळी बुरशी म्हणतात, पण बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्त अडवते, आणि रक्त न पोचलेलं मांस काळं पडतं. काळं दिसतं ते आपलंच. मे महिन्यात माझं वरच्या जबड्याचं डावं हाड आणि डावा डोळा काढला. बुरशीवरच्या अॅम्फोटेरिसिन या औषधाच्या कुप्यांचा तेव्हा तुटवडा होता; वर्ध्याच्या कंपनीत त्या बनायला लागल्याची बातमी आली तेव्हा आमच्या वॉर्डात मॅच जिंकल्यासारखा गलका झाला होता. ते औषध सलाईनमधून तासन्‌तास सोडतात. हुडहुडी भरून खाट हलते. बायकोनं त्या दिवसांत काय काय केलं ते तिनं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुरे.

मी मराठीचा मास्तर. आठवीच्या वर्गाला वर्णमाला उच्चारस्थानांवरून शिकवायचो. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. पोरांना तोंडावर हात ठेवून प, फ, ब म्हणायला लावायचो, हवेचा धक्का लागतो का बघा म्हणून. टाळू गेल्यावर कळलं की आपण काय शिकवत होतो. ही व्यंजनं म्हणजे हवा कोंडून सोडण्याचा खेळ, आणि माझ्या तोंडात हवा कोंडतच नव्हती, सगळी नाकाकडे पळायची. ब चा म व्हायचा, द चा न. पोरीला "बाळा" म्हणून हाक मारली की तिला "माळा" ऐकू जायचं. पंचवीस वर्षं मुलांच्या वह्यांतले अनुस्वार लाल पेनानं दुरुस्त केले आणि शेवटी माझं सगळं बोलणंच अनुस्वारात गेलं.

प्लेट आल्यावर बोलणं पुष्कळ सुधारलं. जेवण नाही. चेहऱ्याचं एक बरं असतं, आरसा टाळता येतो. मी टाळलाच, दाढी चाचपून करायचो. पण दिवसातून दोनदा ताटावर बसावं लागतं. प्लेटच्या कडेनं वरण वर चढतं आणि नाकातून उतरतं. भाताचं शीत आतल्या पोकळीत अडकलं की ते बाहेर काढण्यासाठी जे आवाज करावे लागतात ते ऐकताना समोरच्याचा घास थांबतो. पहिल्या आठवड्यात माझ्या म्हाताऱ्या आईचा थांबलेला मी पाहिला. ती काही बोलली नाही, भाकरी कुस्करत राहिली. त्या दिवसापासून मी ताट आतल्या खोलीत न्यायला लागलो आणि आतून कडी लावून घ्यायचो. दोन वर्षं. बाहेर टीव्ही चालू असायचा, कढी वाढ म्हणाल्याचा आवाज यायचा, कुणीतरी हसायचं. आत मी, कपाट, आणि पुसायला एक जुना टॉवेल.

बाहेरच्या जगात तेव्हा माझं बरं चाललं होतं. मास्क होता ना! काळा चष्मा आणि मास्क लावला की मी बर्डीच्या बाजारात कुणाहीसारखा दिसायचो. मग २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. राज्यातले सगळे कोरोना निर्बंध उठले, मास्क ज्याच्या त्याच्या मर्जीवर आला. आमच्या गल्लीत लोक एकमेकांचे चेहरे बघून खूश होत होते, अरे तू जाड झालास, तुला मिशी कधी आली. मी गुढी उभारून आत आलो आणि खिडकी लावून घेतली.

शाळेनं मला वर्गावरून काढलं असं मी म्हणणार नाही, कारण तसं कुणी म्हणालं नाही. नव्या वर्षाच्या वेळापत्रकात माझ्या नावापुढे तास नव्हते, एवढंच. यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती भरायला कुणीतरी अनुभवी हवं होतं म्हणे. पाचवीतल्या कुणाच्या तरी आईनं तक्रार केली होती, हे शिपायानं सांगितलं. अपंगत्वाचा दाखला काढा, सवलती मिळतील, असंही काही जणांनी सुचवलं. त्याचा हिशोब असा की एक डोळा शाबूत असून दुसरा गेला तर तीस टक्के, आणि सवलतींना निदान चाळीस लागतात. चेहऱ्याला टक्के नाहीत. तेजाबहल्ल्यातल्या लोकांसाठी २०१६ च्या कायद्यात स्वतंत्र प्रकार आहे, तो असायलाच हवा. माझा चेहरा बुरशीनं नेला, त्याला कागदावर रकाना नाही.

आता मुख्य माणूस.

डिसेंबर २०२२. जखम भरत जाते तशी आतली पोकळी आकार बदलते आणि प्लेट ढिली पडते. मग तिच्या गोळ्यावर नवा थर चढवून घ्यावा लागतो. त्यासाठी मी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या आवारात, डेंटलच्या बाकावर बसलो होतो, नेहमीसारखा भिंतीकडे तोंड करून. शेजारी एक साठीचा माणूस येऊन बसला. खांद्यावर दुपट्टा, हातात पाण्याची बाटली. त्याच्या खालच्या जबड्याचं उजवं अर्धं हाड काढलेलं होतं, त्यामुळे हनुवटी उजवीकडे सरकून गेली होती, एखादं दार बिजागरीतून निखळून लोंबावं तशी. गालाच्या जागी दुसऱ्याच रंगाच्या कातडीचं ठिगळ. त्यानं मला नीट, सावकाश, वरपासून खालपर्यंत पाहिलं. लोक एक तर बघून नजर वळवतात किंवा चोरून बघतात. हा दुकानात माल बघावा तसं बघत होता.

"तुमचं वरचं गेलं, माहं खालचं," तो म्हणाला. "दोघाईचं मिळून एक थोबाड होते पाय."

(त्याचं बोलणं मी इथे सरळ करून लिहितोय. ओठाचा उजवा अर्धा लुळा असल्यामुळे त्याला ओठ जुळवता येत नाहीत, म्हणजे प, फ, ब, भ, म ही सगळी ओळच गेलेली. पहिल्या दिवशी मला निम्मं कळलं नाही.)

मी हसलो नाही. माझा नंबर कधी येतो ते बघत बसलो. तर तो म्हणे, "मले वळखलं नाई? माहा ठेला उचलून नेला होता तुम्ही."

मग आठवलं. २०१७. आमच्या शाळेच्या फाटकाला जवळजवळ लागूनच त्याचा पानठेला होता. नववी-दहावीची पोरं मधल्या सुट्टीत तिथे खर्रा घ्यायची. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटून घोटून एकजीव केलेला माल. आमच्याकडे चहा विचारावा तसा विचारतात. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. मी तीन अर्ज केले. तिसऱ्या अर्जावर अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि ठेला उचलून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी हा माणूस फाटकावर उभा राहून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता आणि मी स्टाफरूममध्ये चहा पीत होतो. मला अभिमान होता त्याचा. अजूनही आहे, थोडा.

पुढे त्यानं दुसरा ठेला टाकला. शाळेपासून पावलं मोजून, एकशे बारावर.

आता जे लिहितोय ते लिहायला बरं वाटत नाही. त्या बाकावर बसून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: याचं यानं ओढवून घेतलं. माल घोटता घोटता चिमूट चिमूट तोंडात टाकत आयुष्य काढलं, कॅन्सर होणारच. आणि मी? मी कधी सुपारीचं खांडसुद्धा खाल्लं नाही. आम्हा दोघांना एकाच बाकावर बसवणाऱ्या देवाचा मला राग आला. त्याच्यापासून चार बोटं सरकून बसलो. ते त्याला कळलं. तो म्हणाला, "सरका सरका. उडून नाई येत हे." हेच वाक्य मी बुरशीबद्दल शेजाऱ्यांना मनातल्या मनात शंभरदा म्हटलेलं होतं.

त्या दिवशी आधी त्याचं काम झालं, मग माझं. बाहेर पडलो तर तो मेडिकल चौकाकडे तोंड करून उभा, माझी वाट बघत. "पोहे खाऊ." मी नाही म्हटलं. मधुमेह आहे म्हटलं, घरी वाट बघतात म्हटलं. "तर्रीनं शुगर वाढत नाई," म्हणाला आणि तर्री, म्हणजे हरभऱ्याचा तिखट रस्सा घातलेले दोघांचे पोहे सांगून मोकळा झाला.

तो कसा खातो ते सांगतो. डाव्या हातानं हनुवटी धरून जबडा मध्यावर आणायचा, उजव्या हातानं चमचा डाव्या गालात सोडायचा, मान थोडी मागे. चावता येत नाही, जीभ टाळूवर दाबून रगडतो. मधूनच तर्रीचा लाल ओघळ ओठाच्या कोपऱ्यातून सुटतो, तो दुपट्ट्यानं पुसतो आणि पुढचा चमचा. ठेल्याभोवती दहा-बारा माणसं होती, मेडिकलची पोरं, रिक्षावाले. दोघंतिघं बाजूला झाले. त्याचं लक्षच नव्हतं. म्हणजे होतं, पण त्याला पोहे जास्त महत्त्वाचे होते.

माझे पोहे हातात थंड होत होते. दीड वर्षात चार भिंतींबाहेर मी एक घास खाल्ला नव्हता. एक चमचा घेतला. बरा गेला. दुसरा घेतला. तिसऱ्यात तर्रीतला एक हरभरा प्लेटच्या कडेनं निसटला आणि वर गेला. ज्यांना तोंडाला छप्पर आहे त्यांना हे कसं सांगू? तर्रीचा हरभरा, थेट नाकाच्या मुळाशी, गालाच्या हाडाच्या जागी. कानशिलापर्यंत आग. उरलेल्या डोळ्यातून धारा. मी खाकरतोय, शिंकरतोय, रुमाल सापडत नाहीये. आणि हा माणूस हनुवटी धरून विचारतो, "वर गेला का? येईन खाली, येईन, थांब. मले छातीचे केस तोंडात उगवते, तू हरभऱ्याचं काय घेऊन बसला!"

खरं होतं ते. गालाचं ठिगळ छातीवरून आणलेलं, कातडीसकट. छातीच्या कातडीला केस, ते गालाच्या आतल्या बाजूला वाढतात. दर पंधरा दिवसांनी पोरगा बॅटरी धरतो आणि हा छोट्या कात्रीनं कापतो. हे ऐकून मला हसू फुटलं आणि हसण्याबरोबर हरभरा बाहेर आला, नाकातून, ठेल्याच्या पत्र्यावर टण्णकन. पोहेवाल्यानं तो कपड्यानं पुसला आणि विचारलं, "अजून तर्री देऊ का, काका?"

दोघंही एकदमच हव म्हणालो. 'तुम्ही'चं 'तू' त्याच ठेल्यावर झालं, त्याच्याकडून. मी अजून भाऊच म्हणतो, अहो-जाहो करतो, सवय. प्लेट काढलेली असली की माझ्या भाऊचं म्हाऊ होतं, त्यालाही तो ओ देतो. त्याला मास्तरमधला म जमत नाही, म्हणून मी आस्तर. प्लेटला नवा थर देऊन घेतलेल्या दिवसापासून माझं नाव आस्तर पडावं हे मला तेव्हाच गमतीचं वाटलं होतं. त्याला सांगितलं तर म्हणाला, "कोटाच्या आतलं? बराबर आहे. तू बाहीर येतच नाई." त्याचं खरं नाव इथे लिहायचं नाही असं त्यानं बजावलं आहे. ठेल्यावरची पोरं वाचतात म्हणे.

त्यानंतर दर गुरुवार. शाळा सुटली की मी निघतो, तो गांधीबागेच्या बाजूनं येतो. आम्ही खाण्याचे प्रयोग करतो. पातोडीचा रस्सा जमतो, पातोडी त्याला कुस्करून. गोळाभात दोघांनाही छान. सांबारवडी (सांबार म्हणजे कोथिंबीर) मला जमते, त्याला तिचा पापुद्रा टोचतो, मग तो आतलं सारण खातो आणि पुडा मला देतो. सावजीचा रस्सा एकदाच करून पाहिला. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ऑपरेशननंतर त्याला रेडिएशनचे तीस-बत्तीस शेक दिले, तेव्हापासून तोंडाला पाणी सुटत नाही, जीभ लाकडासारखी राहते, म्हणून ती बाटली. पण आंबिया बहाराची संत्री आली की तो एक फोड सोलून, बिया काढून, जिभेवर नुसती ठेवतो. आधी झोंबतं, मग थोडं पाणी सुटतं. डोळे मिटून बसतो तेवढा वेळ. मी घड्याळ लावून पाहिलंय, एका संत्र्याला पंचवीस मिनिटं.

वाचणाऱ्याला वाटेल की आता हा माणूस सुधारला असेल, ठेला बंद करून व्यसनमुक्तीवर भाषणं देत असेल. नाही. ठेला चालू आहे. पोरगा बसतो, खर्रा विकतो. बाप समोर बसला तर गिऱ्हाईक कमी होतं म्हणून पोरगा त्याला ठेल्याच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ खुर्ची देतो. रस्त्याकडे पाठ. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमची आतली खोली आठवली. पण भांडायचं ते भांडलोच. म्हटलं, भाऊ, तुमच्या गालाकडे बघून तरी बंद करा. तर म्हणाला, "बंद करून काय विकू, लवंग? तुह्या पगारासारखा पगार येते का मले एक तारखेला?"

मी तीन आठवडे गेलो नाही. चौथ्या गुरुवारी गेलो तर त्यानं स्वतःचा तोडगा काढलेला. खर्रा मागायला आलेल्या पोराला तो मागून हाक मारतो आणि तीन बोटं उभी तोंडात घालायला लावतो. चांगल्या तोंडात ती जातात. सुपारीनं गाल आतून आवळायला लागले की जात नाहीत. ज्याची जात नाहीत त्याला शिव्या देऊन डॉक्टरकडे पिटाळतो. ज्याची जातात त्याला पोरगा माल देतो.

"म्हणजे ज्याचं तोंड चांगलं आहे त्याचं तुम्ही बिघडवणार," मी म्हटलं.

"आस्तर," तो म्हणाला, "माह्यानं जेवढं होते तेवढं मी करून राहिलो. बाकीचं तू कर, तू शिकेल आहे."

यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. माझ्या गुरुवारच्या पोह्यांचे पैसे पुष्कळदा त्याच गल्ल्यातून येतात, हेही मला माहीत आहे.

२०२३ च्या तान्ह्या पोळ्याला आम्ही मारबत बघायला इतवारीत गेलो. नागपूरबाहेरच्यांनी पाहिली नसेल तर एकदा पाहावी. कागदा-बांबूच्या अक्राळविक्राळ बाया, एक काळी, एक पिवळी, शंभरावर वर्षांची परंपरा. मागून पुढाऱ्यांची, महागाईची टिंगल करणारे बडगे, आणि सगळी गर्दी ओरडत असते, ईडा-पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत. मग गावाबाहेर नेऊन जाळतात. लहानपणी मी आजोबांच्या खांद्यावरून पाहायचो. आमच्याकडे अवतारात दिसणाऱ्या बाईला सहज 'काय मारबत दिसते' म्हणतात, मीही म्हटलं असेल. ऑपरेशननंतर मात्र ती मिरवणूक मी टाळली. सगळं शहर ज्या चेहऱ्याला हाकलायला रस्त्यावर येतं तिथे आपला चेहरा घेऊन कशाला जा.

हा माणूस ओढत घेऊन गेला. गर्दीत आमच्यापुढे एकाच्या खांद्यावर तीनेक वर्षांचा पोरगा होता. काळी मारबत समोरून जात होती, पण तो मान वळवून आम्हालाच बघत होता. एकदा मला, एकदा भाऊला, परत मला. भाऊनं त्याला हसवायचं म्हणून हनुवटी धरली आणि जबडा डावीकडून उजवीकडे फिरवून दाखवला, ड्रॉवर उघडावा तसा. पोरगं किंचाळलं. असं रडायला लागलं की ढोलाच्या वर आवाज गेला. बाप मागे वळला, आम्हाला बघितलं, तोंडातली शिवी गिळली आणि गर्दीत घुसून लांब गेला. भाऊचा चेहरा पडला. त्याच्या चेहऱ्यात पडायला फारसं काही शिल्लक नाही, तरी मला कळलं.

चेहरा पडला की काय करायचं ते मला माहीत होतं, कडी लावायची. पण रस्त्यावर कडी कुठून आणणार? मी चष्मा काढला, प्लेट काढून रुमालात गुंडाळली आणि त्याच्या कानात ओरडलो, "म्हाऊ! ईणा-मीणा ङेऊन ना ङे मारमन!"

त्यानं ओठ न जुळवता उत्तर दिलं, "घेऊन जा गे आरअत!"

आम्ही दोघं मारबतीमागे दोनेकशे पावलं असं ओरडत गेलो. एका बाईनं हात जोडले. का ते कळलं नाही.

त्या रात्री तो आमच्या घरी जेवला. बायकोला आयत्या वेळी सांगितलं, तिनं झुणका-भाकरीचा बेत बदलून खिचडी आणि कढी केली, काही न विचारता. आई खुर्चीवर. पोरगी तेव्हा अकरावीला. मी भाऊचं ताट बाहेरच्या खोलीत मांडलं आणि माझं घेऊन सवयीनं आत निघालो. तो हनुवटी धरून म्हणाला, "कुठं चालला? मी काय तुह्या बायकोसंग एकटा जेवू?" पोरगी फिस्सकन हसली. मी खाली बसलो. कढी वर गेली, नाकातून आली, मी टॉवेल शोधला. त्याची कढी गळ्यावरून दुपट्ट्यात. आई बघत होती. मग तिनं वाटी पुढे केली आणि भाऊला म्हणाली, "तुम्ही घट्ट खा बाबा, पातळ सांडते." त्यानं खिचडी घट्ट केली. कुणाचाही घास थांबला नाही. थांबला असेल तर मी पाहिला नाही, मी जेवत होतो.

रात्री बायकोला म्हटलं, दोन वर्षं तुम्हाला किती बरं झालं असेल मी आत होतो ते. ती गादी घालत होती. म्हणाली, "कडी आतून होती." आणि उशी आपटली.

गेल्या महिन्यात त्या विद्यार्थ्याचा फोन आला, त्याच आठवड्यात मला यू-डायसची कागदपत्रं आवरताना शाळेच्या खेळाच्या कपाटात लांबउडीची फीत सापडली. तीस मीटरची. गुरुवारी ती पिशवीत घातली आणि भाऊला फाटकावर बोलावलं. एकशे बारा पावलांचा वाद आमच्यात जुना आहे, त्याची पावलं आखूड पडतात असं माझं म्हणणं. शंभर यार्ड म्हणजे साधारण साडेएक्क्याण्णव मीटर. एक टोक मी धरलं, दुसरं त्यानं. सुटलेली पोरं थांबून बघायला लागली. दोन म्हातारे, दीड चेहरा, रस्त्यावर फीत लावतायत. तीस. साठ. तिसऱ्यांदा फीत संपायच्या आत, अठ्ठावीस मीटरवर ठेल्याचा पत्रा आला.

अठ्ठ्याऐंशी. साडेतीन मीटर कमी.

मी काही बोललो नाही, फीत गुंडाळत राहिलो. अर्जाचा मजकूर मला अजून पाठ आहे हे त्याला माहीत आहे. तो ठेल्याकडे बघत होता, मग मागे वळून शाळेकडे, परत ठेल्याकडे. पोरगा गल्ल्यावरून आमच्याकडे बघत होता, हातात पन्नी तशीच. भाऊनं बाटलीतलं पाणी घेतलं, घोटभर गळ्यावरून सांडलं, पुसलं.

"आस्तर," तो म्हणाला, "शाळा सरकव."